पहिल्या रविवारी उरलेली भाकर

बदनापूर
३ मार्च २०२५

कल्याण,

ताईचा सलाम. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही. म्हणून हे पत्र परतूरला तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोस्टमन गिऱ्हाइकांसमोर हातात देईल, तेव्हा निदान फोडून बघशील.

पप्पा बरे आहेत हे आधी लिहिते, नाहीतर पाकीट फोडताना तुझ्या मनात नको ते येईल. गुडघे दुखतात. काचबिंदूमुळे फक्त नाकासमोरचं दिसतं. कानाचं मशीन चर्चमध्ये शिट्ट्या मारतं म्हणून उपासनेआधी काढून खिशात ठेवतात. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला याहून बरं काय असायचं?

लिहायचं कारण वेगळं आहे. पप्पा प्रभुभोजन घेत नाहीत. जानेवारीपासून.

तुला बदनापूर आता ओळखू येणार नाही. हायवेपासून स्टेशनपर्यंत फ्लॅटच फ्लॅट. संभाजीनगरला घर घेणं झेपत नाही, नोकरी एकाची तिकडे, एकीची जालन्याच्या कारखान्यात नाहीतर दवाखान्यात, मग दोघांच्या मध्ये म्हणून इथे राहायचं. सकाळी स्टेशनवर डबे घेतलेली माणसं मावत नाहीत. त्यातली बरीच कुटुंबं आपल्या मंडळीत आली. तेलुगू आहेत, मल्याळी आहेत, कुणी नागपूरकडचे. मागचे बाक, जिथे तू आणि निर्मळांची पोरं चिंचोके खेळायचात, ते भरून आता प्लास्टिकच्या खुर्च्या लावाव्या लागतात.

नवे पाळक राजानंद मकासरे म्हणून आहेत. तरुण आहेत, अहिल्यानगरकडचे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपदेश संपल्यावर त्यांनी जाहीर केलं की पहिल्या रविवारची नऊची उपासना यापुढे हिंदीत घ्यावी आणि आपली मराठी सकाळी सातला, असा विचार आहे, पंचमंडळी ठरवील. लगेच प्रभुभोजन. रीतीप्रमाणे जुने पाळक म्हणून आधी पप्पा मेजापुढच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात, मग बाकीचे उठतात. त्या दिवशी पप्पा उठले नाहीत. पाळकांना वाटलं, गुडघे. ते स्वतः भाकरीची ताटली घेऊन खाली पहिल्या बाकापाशी आले. पप्पांनी हात जोडले आणि मान हलवली. साऱ्या चर्चने पाहिलं.

लोकांनी समजायचं ते समजलं. म्हातारे पाळकसाहेब हिंदी उपासनेच्या विरोधात आहेत! फेब्रुवारीत उषाबाई निर्मळ उठल्या नाहीत, त्यांच्या मागचे दोन बाक उठले नाहीत. काल तर जुन्या घराण्यांतले निम्मे लोक बसून होते.

खरं कारण मला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर मी विचारलं. पप्पा म्हणाले, "माझं कल्याणशी वाकडं आहे. प्रभूच्या मेजाकडे येण्याआधी घरचं मिटवून या, असं आयुष्यभर मी लोकांना सांगितलं. आता मी कोणत्या तोंडाने जाऊ?" मग म्हणाले, "हे मंडळीत नेऊ नकोस. माझ्या लेकाचं नाव पंचांच्या तोंडी नको." मी कबूल केलं.

आठ वर्षांपूर्वी तू दुधना नदीच्या पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतलास आणि पप्पांना म्हणालास की लहानपणीचं ते नुसतं पाणी शिंपडणं होतं. ते पाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी तुझ्या डोक्यावर घातलं होतं, रे. तेव्हापासून तुझी परतूरची सभा निराळी आणि आमचं चर्च निराळं. ते मी पुन्हा उकरत नाही. पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी तू मुलीला घेऊन दारात आलास, म्हणजे तुझ्या मनात काही होतं ना? त्या वेळी पप्पा झोपले होते, हे मी तुला सांगितलंच होतं.

तेव्हा पुन्हा एकदा ये. एवढंच.

तू विचारशील, ताई, तू काय करतेस पहिल्या रविवारी? मी पप्पांच्या शेजारी बसते. त्यांना उठवाय-बसवायला कुणीतरी जवळ हवं.

साधनाताई


बदनापूर
२४ मार्च

कल्याण,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं असणार. परतूरचं टपाल एवढं काही वाईट नाही.

इथे काय चाललंय ते कळव म्हणून तू सांगितलेलं नाहीस, तरी कळवते. काल उपासना झाल्यावर उषाबाई घरी आल्या. बरोबर एक अर्ज. मेच्या पहिल्या रविवारी मुलांचं दृढीकरण आहे, ती त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतील, बिशपसाहेब स्वतः येणार. त्या दिवशी मकासरेंची बदली मागायची, असं जुन्यांचं ठरलंय.

पप्पा आत पडले होते, मशीन काढून. उषाबाईंनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. "पहिली सही पाळकबाबांची पायजे."

मी म्हटलं, "ते असल्या गोष्टीत पडणार नाहीत."

"पडणार न्हाईत कसं? त्यांनीच तर सुरू केलं! त्यांना बसलेलं पाह्यलं म्हणून तर आम्ही बसून राह्यलो. माझ्या सासूला त्यांनी पुरलं, माझं लगीन त्यांनी लावलं. ते उठत न्हाईत म्हणल्यावर मी कोणत्या जिवानं उठू?"

"उषाबाई, त्यांचं कारण वेगळं असेल."

"काय वेगळं? सांगा की मंग." आणि माझ्याकडे बघत बसल्या.

मी चहा टाकायला आत गेले.

चहा पिता पिता म्हणतात कशा, "देवाला हिंदी येतच असंल, त्याला काय. पण मला न्हाई येत. आणि सकाळी सातला ह्या वयात अंघोळ-पांघोळ करून यायचं म्हंजे काय खायचं काम हाये? चर्चला विटा वाहिल्या माझ्या आजेसासऱ्यानं, आणि आम्ही सातच्या फेरीचे गिऱ्हाईक!" मला हसू आलं, त्यांनाही आलं. अर्ज मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवला. सही नसली तरी अर्ज जाणार.

परवा मकासरे स्वतः आले. दारातच उभे राहिले. मला 'बाई' म्हणतात, त्यांची बायको माझी विद्यार्थिनी निघाली. म्हणाले, "बाई, मी चुकलो असेन तर साहेबांनी मला तोंडावर सांगावं. चार शिव्या द्याव्यात. नव्या लोकांच्या शिफ्टा असतात, रविवारीही सकाळी ड्यूटी करून येतात, म्हणून मी नऊची वेळ म्हटली. हट्ट नाही माझा." मग निघता निघता, "बाई, भाकर उरते हो."

तू पाळकाचा मुलगा आहेस, तुला सांगायला नको. आशीर्वाद झालेली भाकर टाकता येत नाही, घरी नेता येत नाही. उरेल ती पाळकानेच तिथे संपवायची. मकासरे मोजूनच ठेवतात, पण किती जण उठतील याचा अंदाज आता त्यांनाही येत नाही.

मी त्यांना आत बोलावलं नाही. पप्पा जागे होते.

मला सारखी आपली जुनी ओसरी आठवते. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते, तू पाच-सहा वर्षांचा. आईची पांढरी ओढणी खांद्यावर टाकून तू पाळक झाला होतास. ग्लुकोजची बिस्किटं मोडून कोंबड्यांना आणि मला वाटत होतास, वर खड्या आवाजात, "घ्या, खा, भांडू नका." पप्पा बाहेरून आले. मला वाटलं, आता पाठीत बसणार. आमच्या सिस्टरांनी तर दिवसभर गुडघ्यांवर उभं केलं असतं. पप्पांनी चपला काढल्या, कोंबड्यांच्या रांगेत गुडघे टेकले आणि तुझ्यापुढे हात धरला. तू बिस्कीट दिलंस. त्यांनी खाल्लं. उठून आत गेले, आणि बऱ्याच वेळाने आईला म्हणाले, हा पोरगा माझं काम पुढे नेईल.

हे तुला माहीत नसेल. म्हणून लिहिलं.

साधनाताई


बदनापूर
७ एप्रिल

कल्याण,

तुझा निरोप आला. इतक्या दिवसांनी दोन ओळी, त्याही मोबाईलवर. "मी एकदा आलो होतो ताई. आता पाळी त्यांची."

बरं.

मग तूही ऐक. तू दारात होतास तेव्हा पप्पा झोपले नव्हते. हे तुला त्याच दिवशी कळलं होतं, मलाही ते माहीत होतं. तुझा आवाज ऐकून ते खाटेवरून उठले. मला वाटलं, बाहेर येतायत. त्यांनी आतून कडी लावली. तिचा आवाज तुझ्या पायलनेसुद्धा ऐकला, तिने तुझ्याकडे वर पाहिलं. आणि मी म्हटलं, झोपलेत. तू केकचा डबा माझ्या हातात दिलास आणि मुलीला उचलून निघालास. पप्पांनी त्या केकचा तुकडा तोंडात घातला नाही. मीही नाही. शेवटी शेजारी दिला.

त्याच कडीचं ओझं त्यांच्या मनावर आहे. तुझा बाप्तिस्मा राहिला बाजूला, आता त्यांना स्वतःचाच हात सहन होत नाही. पण शहाऐंशीव्या वर्षी मुलापुढे मान कशी खाली घालायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. लोकांचे अर्धे तंटे आपल्या ओसरीवर मिटले. आपला कुठे बसून मिटवायचा?

आता कालचं सांगते. तू तिथे नव्हतास, तुला बघायला हवं होतं.

नवे लोक सगळे उठले. त्यांना बिचाऱ्यांना यातलं अर्धं कळत नाही, कळतं तेवढं टोचतं. जुन्यांपैकी कुणीही उठलं नाही. एकही नाही. मकासरेंनी दोनदा आमंत्रण वाचलं. पंखे तेवढे फिरत होते. मग त्यांनी लोकांकडे पाठ केली आणि उरलेली भाकर खायला सुरुवात केली. एकेक तुकडा. मोठी ताटली होती. घशाखाली उतरेना तेव्हा प्याल्यातला घोट घेत होते, पुन्हा खात होते. मान मागून दिसत होती, घामाने कॉलर भिजलेली. इतकी माणसं एका माणसाचं जेवण बघत बसली, कल्याण, आणि ते जेवण आमचं होतं.

पप्पांना यातलं काही दिसलं नाही. पाळक पाठमोरे, एवढं त्यांना समोर दिसत असेल, पण मागे सारे बाक बसून आहेत हे त्यांना कसं दिसणार? मशीन खिशात. त्यांना वाटतं, न उठणारे ते एकटेच आहेत. बाहेर पडताना मला म्हणाले, "आज लवकर आटपलं, नाही?"

मी म्हटलं, "हो."

मी लोकांना पप्पांचं कारण सांगत नाही, कारण वचन दिलंय. पण लोक त्यांच्यामुळे बसून राहतात हे पप्पांना न सांगण्याचं वचन मी कुणाला दिलेलं नाही. तरी सांगत नाही. स्वतःला म्हणते, त्यांच्या जिवाला लागेल. खरं कारण काल त्या बाकावर मला नीट दिसलं. मला नऊची उपासना सोडायची नाही. जन्मापासून तीच वेळ, तीच गीतं, खिडकीतून तेच ऊन आपल्या बाकावर. आईला त्याच उपासनेनंतर त्याच दारातून बाहेर नेलं. पप्पांचा एक शब्द गेला तर सगळे उठतील आणि ती वेळ जाईल. म्हणून मी त्यांना काही कळू देत नाही, आणि तो मुलगा भाकर गिळत राहतो.

आता चार मेला बिशपसाहेब येतील. अर्जावर सह्या वाढतायत. मकासरे गेले तर नवे लोक निराळी सभा काढतील, असं रत्नम सांगत होता. रत्नम म्हणजे स्टीलच्या कारखान्यात शिफ्ट बघतो तो, बायको नर्स. त्याच्या मुलीचंही दृढीकरण आहे. मला थांबवून म्हणाला, "मॅडम, हम लोग आके आपका जगह लिया क्या?" खुर्च्या कमी पडतात म्हणून तोच दर रविवारी उभा असतो.

पाळी कुणाची हे मला ठरवता येत नाही. चार मेच्या आत ये, एवढं मला लिहिता येतं.

साधनाताई


२१ एप्रिल

काल पुनरुत्थानाचा दिवस. तू आला नाहीस.

तुझा निरोप मी पप्पांना वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला. मग मशीन काढून ठेवलं.

साधनाताई


बदनापूर
४ मे, संध्याकाळ

कल्याण,

दुपारी तुझा फोन आला. "ताई, पप्पा पोचलेत." मागे ढोलक चालू होती, मुलं ओरडत होती. मी काही विचारायच्या आत तू ठेवलास. तेव्हा तिकडे काय झालं ते मला माहीत नाही, आणि इकडे काय झालं ते तुला माहीत नाही. माझं मी सांगते.

काल संध्याकाळी मी चर्चमध्ये फुलं लावायला गेले होते, तेवढ्यात रत्नम घरी आला. त्याने मला आज सगळं सांगितलं. तो पप्पांची माफी मागायला आला होता. पप्पांनी मशीन लावलं, त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला, पास्टरजी, आम्हा बाहेरच्या लोकांमुळे तुम्ही कम्युनियन सोडलंत, तुमच्यामागे सगळे जुने लोक बसून राहतात, उद्या बिशपना अर्ज देणार आहेत. आमची हिंदी नको, आम्ही मराठी शिकू, पण तुम्ही उठा.

पप्पांनी त्याला तीनदा तेच विचारलं म्हणे. "सब लोग बैठते हैं? मेरे पीछे?" रत्नमला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून तो दर वेळी आणखी मोठ्याने सांगत गेला. मग पप्पांनी विचारलं, परतूरची पहिली गाडी कधी असते?

मला एका शब्दाने बोलले नाहीत. जेवले, प्रार्थना केली, झोपले. प्रार्थनेत माझं नाव घेतलं, रोज घेतात तसं.

सकाळी खाट रिकामी होती, अंथरूण नीट घडी केलेलं. वाटलं, बिशपसाहेब येणार म्हणून लवकर चर्चला गेले असतील. तिथेही नव्हते. आपला बाक रिकामा. मी एकटीच जाऊन बसले. मागे कुजबुज सुरू. उषाबाई वाकून कानाशी आल्या. "पाळकबाबा कुठं हायेत? बरं न्हाई का? आज तर त्यांचं काम हाये." त्यांच्या मांडीवर पर्स होती, पर्समध्ये अर्ज. त्यांची नात आकांक्षा पांढऱ्या फ्रॉकमध्ये पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी रत्नमची मुलगी. स्टेशन, हायवे, विहीर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. उठून शोधायला जावं तर बिशपसाहेब आत येत होते आणि सगळे उभे राहिले.

दृढीकरण झालं. एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मग मेज लावलं. मकासरेंचा चेहरा बघवत नव्हता. अंगावरचा झगा आज त्यांना मोठा वाटत होता. त्यांनी आमंत्रण वाचलं, आणि मागच्या दारातून रत्नम आत आला. धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला. मधल्या वाटेने सरळ पुढे. बिशपसाहेबांना हात जोडले आणि लोकांकडे वळला.

"माफ करना. पास्टर खरात साहब ने बोला, सबको बोल देना." त्याचा आवाज फाटत होता. "वो बोले, मेरा झगडा मेरे बेटे के साथ है. मकासरे साहब के साथ नहीं. हिंदी के साथ नहीं. इसलिए मैं रोटी नहीं लेता था. आज मैं बेटे के पास जा रहा हूँ. मेरे लिए कोई बैठा मत रहो."

कुणीतरी मागून म्हणालं, "कुठं गेलेत?"

"परतूर. गाडी लेट थी, अभी मैंने बिठाया. एक जान-पहचानवाला साथ में है." मग जणू आपलाच गुन्हा असल्यासारखा माझ्याकडे बघून, "मॅडम, वो बोले आपको नहीं बताना."

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. उषाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, आणि दबका आवाज त्यांना कधी जमलाय? "साधनाताई, तुम्हाला ठावं होतं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"जानेवारीपासून?"

पुन्हा हो.

त्या मागे सरकून बसल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर मला चाललं असतं.

मुलं आधी कठड्याशी गेली, आज त्यांचा पहिला दिवस. गुडघे टेकले. मागे कुणीच नाही. आकांक्षाने मान वळवून पाहिलं आणि भर चर्चमध्ये म्हणाली, "आज्जी, ये की!" बिशपसाहेब हसले. उषाबाईंनी पर्स बाकावर ठेवली आणि उठल्या. गुडघे त्यांचेही गेलेत. रत्नमच्या बायकोने हात दिला आणि त्यांनी तो घेतला. त्यांच्या मागे निर्मळांचा बाक उठला, त्यामागचा उठला. मग जुनं कोण, नवं कोण, मला दिसेनासं झालं, कारण माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. भांडल्यासारखी गर्दी झाली होती कठड्याशी. कुणीतरी म्हणालं, जरा सरका, आणि कुणीतरी तेलुगूत काही म्हणालं.

मी उठले नाही.

उठणार होते. हात बाकाच्या काठावर टेकलाही होता. आणि मला वाटलं, पप्पा गाडीत बसून मुलाकडे चाललेत, आणि मी इथून उठून भाकर घेणार? मग माझ्या मनातलं कुणाशी मिटलंय?

कल्याण, मी तुझ्यावर रागावलेली आहे. बाप्तिस्म्यावरून नाही, तो तुझा आणि देवाचा. तू गेलास आणि पप्पा माझ्यावर सोडून गेलास. त्यांची औषधं, त्यांचे डोळे, त्यांचं रात्रीचं उठणं, आणि त्या सगळ्यात त्यांचं तुझ्याचसाठी झुरणं. मी समोर असताना ते दाराकडे बघतात. आठ वर्षं मी ते बघते आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कडी वाजली तेव्हा माझ्या मनाला कुठेतरी बरं वाटलं, इतकं मी आज लिहिते. पप्पांच्या रागाच्या आडोशाला मी माझा ठेवला होता. आज पप्पांनी स्वतःचा उचलून नेला आणि माझा उघड्यावर पडला.

मकासरे ताटली घेऊन माझ्यापाशी आले. मी मान हलवली. या वेळी त्यांनी चेहरा पाडला नाही. हळूच म्हणाले, "बाई, जूनमध्ये," आणि पुढे गेले.

बाहेर उषाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मकासरेंशी बोलल्या. "अर्ज मी देत न्हाई. पण सातला यायला मला जमणार न्हाई, आणि हिंदीत मला रडू येत न्हाई. त्याचं काय करता ते बघा." मकासरे म्हणाले, बसून बघू. पंचांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. माझी नऊची वेळ राहील असं वाटत नाही. मला जाऊन सांगायचं आहे की राहिली नाही तरी मी येईन. ते मी अजून सांगितलेलं नाही.

पप्पांच्या गोळ्या ते घेऊन गेलेत, मी बघितलं. पांढरी सकाळी, गुलाबी जेवणानंतर. डोळ्यांचे थेंब विसरलेत; तिथे मिळतील, बाटली बघून नाव कळवते. तिखट देऊ नका. ते मागतील, तरी नका देऊ.

आणि मला सांग. तू त्यांना कुठे बसवलंस? खुर्चीवर की खाली सतरंजीवर, तुझ्या लोकांमध्ये? ते काय बोलले? तू काय बोललास? की दोघं मला सांगण्यासारखं काही बोललाच नाहीत आणि नुसते बसून राहिलात? तेही लिही. त्यांना राहायचं तितके दिवस राहू दे, मला त्यांना परत आणायची घाई नाही. हे मी मनापासून लिहिते आहे की नाही, ते मलाच पुन्हा वाचून बघायला लागलं. आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी मला उठायचंय. त्याआधी मी परतूरला येते. पप्पांसारखं न बोलता येणार नाही; सांगून येते. गोड बोलायलाही येत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, समोर बसून, आवाज चढवून, लहानपणी भांडायचो तसं, आणि पप्पांना मशीन लावून ऐकू दे. मीनाला सांग, भांडण झालं की नणंद जेवायला थांबेल.

साधनाताई